जनरेटर चालू आहे

"परत बसला मेला," जनूभाऊ म्हणाले.

इंजिनरूममधली धडधड अचानक थांबली की कानांना कसंसंच होतं. दिवे गेले, पंखे फिरत फिरत थांबले आणि वरून आमचे स्वयंपाकी हुसेनचाचांची हाक आली, "अरे, चूल गेली माझी! भात अर्धा कच्चा आहे, कोण खाणार तो?" मी बॅटरी पेटवली. उजेडात जनूभाऊ जनरेटरसमोर उकिडवे बसलेले दिसले. गुडघ्यांवर हात आणि चेहरा असा, जसं काही पोरगं नापास होऊन घरी आलंय.

चीफसाहेब लोखंडी शिडीवरून कण्हत उतरले. म्हातारा माणूस, गुडघे गेलेले, डोक्यावर तेलाने काळी झालेली टोपी. त्यांनी जनरेटरच्या अंगावर तळहात ठेवला, मान तिरकी करून काहीतरी ऐकल्यासारखं केलं.

"प्लेइंग अप?" मी विचारलं.

"नो, नो." त्यांनी मान हलवली. "पॅक्ड अप."

"मी काय म्हटलं?" जनूभाऊ माझ्याकडे वळले. "बसलाय. मला काय कळत नाही होय? आण तो पान्हा."

तेव्हा मी बोटीवर ऑइलर होतो. म्हणजे यंत्रांना तेलपाणी करायचं, पुसायचं, हाक मारली की धावायचं. हर्णैचा माणूस मी, आमच्याकडे घरटी एक तरी बोटीवर असतोच. जनूभाऊ, म्हणजे जनार्दन वायंगणकर, गुहागरकडचे, आमचे फिटर. आणि चीफ इंजिनियर होते रीससाहेब, वेल्सचे. निवृत्त व्हायचं वय उलटून गेलेलं, पण घरी कोणी नाही, म्हणून मिळेल त्या बोटीवर चढायचे. आमच्या रत्नागिरीकडच्या पोरांबरोबर इतकी वर्षं काढलेली, की 'चालेल' हा शब्द त्यांच्या तोंडी अगदी आपल्यासारखा यायचा.

साहेबांचा एक शिरस्ता होता. यंत्र बिघडलं की आधी त्याला नाव द्यायचं, मगच हात लावायचा. नखरे करत असेल, पण ऐकण्यातलं असेल, तर 'प्लेइंग अप'. त्याला एक पान्ह्याची टपली पुरे. घटकेत चालू, घटकेत बंद, असं असेल तर 'ऑन द ब्लिंक'. साफ बसलं, उघडावंच लागणार, तर 'पॅक्ड अप'. आणि शेवटचं होतं 'गिव्हन अप द घोस्ट'. म्हणजे प्राण गेला, संपलं. ते म्हणताना साहेब टोपी काढायचे. पण आमच्या बोटीवर त्यांनी ती कधी काढली नव्हती. म्हणायचे, बाजूला एक जरी माणूस पान्हा घेऊन उभा असेल, तर ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत, यंत्राचा अपमान होतो.

आणि बाजूला जनूभाऊ उभे होते ना! त्या माणसाच्या हातात काय होतं देव जाणे. रबरी चप्पल कापून त्यांनी सांध्यात बसवायचं गॅस्केट केलं होतं. हुसेनचाचांचा तुपाचा डबा कापून पत्रा काढला होता. रेडिओतली तांब्याची तार कुठे कुठे फिरली होती, त्याचा पत्ता रेडिओलासुद्धा नसेल. त्या दिवशीही भात निवायच्या आत जनरेटर धडधडायला लागला.

"चालेल," साहेब म्हणाले आणि कण्हत वर गेले.

आता बोट कुठे होती ते सांगतो. आखातातल्या एका बंदराबाहेर, नांगर टाकून. किनाऱ्यावरच्या इमारती दिसायच्या, तिथले दिवे दिसायचे, पण तिथे पाय ठेवायची परवानगी नव्हती. मालकाने हात वर केले होते. आधी माल गेला, मग पगार बंद, मग फोन उचलणं बंद. अशा बोटी तिथे बऱ्याच होत्या. मालक नाहीत, कागद कोर्टात, आणि आत माणसं. बोट रिकामी सोडून उतरलात तर गुन्हा. बदली माणसं आल्याशिवाय उतरायचं नाही, आणि बदली कोण पाठवणार? मालकच नाही.

आमचे कॅप्टन फर्तादो रोज सकाळी बंदराला रेडिओवरून कळवायचे. गोव्याचे, देवभोळे, गळ्यात क्रॉस. साहेब शेजारी बसून त्यांना शब्द सांगायचे. "जनरेटर प्लेइंग अप, बट वी आर कोपिंग." म्हणजे जरा कुरकुरतोय, पण आम्ही भागवतोय. तिकडून उत्तर यायचं, नोंद घेतली. झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

सगळ्यांनाच घरी जायचं होतं. पण जनूभाऊंचं वेगळं होतं. त्यांची बायको, सुगंधावहिनी, अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हणून घरी पाठवलं होतं. मूलबाळ नाही. भावजय बघत होती.

फोन लागायचा तो फक्त बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर. तोही वारा किनाऱ्याकडून असला तर. जनूभाऊ तिथे उन्हात उभे राहून हात वर करून रेंज शोधायचे, आणि आम्ही मुद्दाम लांब थांबायचो. पण वहिनींचा आवाज मोठा. स्पीकर न लावताही ऐकू यायचा.

"कधी येताय?" त्या विचारायच्या. "आडून आडून बोलू नका, सरळ सांगा. माझं काही खरं नाही. मला तुम्हाला बघायचंय."

"येतो गं. बोट जरा..."

"बोटीचं सांगू नका मला! बोट गेली खड्ड्यात. तुम्ही या."

फोन झाला की जनूभाऊ तडक खाली इंजिनरूममध्ये यायचे आणि काहीही बिघडलेलं नसताना काहीतरी उघडून बसायचे. मी गप शेजारी बसायचो. एकदा म्हणाले, "रम्या, हे सगळं मला उलगडतं. तिचंच तेवढं काही उलगडत नाही." मला रडू आलं. मी तोंड फिरवून तेलाचा डबा पुसत राहिलो.

आमच्या शेजारी आणखी एक सोडून दिलेली बोट होती, गंजून लाल झालेली. त्यावरची माणसं फिलिपाइन्सची. त्यांचा जनरेटर कधीचाच गेला होता. डेकवर चादरी ताणून त्याखाली पडून असायचे, आम्ही कधी बादलीने त्यांना पाणी द्यायचो. आम्हाला त्यांची दया यायची. आमच्याकडे निदान पंखा होता, गोडं पाणी होतं, मोबाइल चार्ज व्हायचा. आणि हे सगळं जनूभाऊंच्या जिवावर. हुसेनचाचा तर रोज नमाजात त्यांचं नाव घ्यायचे.

एक दिवस दुपारी बंदराची लाँच त्या लाल बोटीला लागली. आम्ही सगळे कठड्याशी धावलो. एकेक माणूस शिडीवरून उतरत होता, कुणी आधाराने, कुणी उचलून. शेवटच्याने आमच्याकडे बघून हात हलवला. लाँच निघून गेली.

"सुटले," हुसेनचाचा म्हणाले. "आणि आपण?"

कॅप्टननी लगेच रेडिओ हातात घेतला. आम्ही दारात गर्दी केली. ते विनवत होते आणि तिकडून एक शांत, सभ्य आवाज उत्तर देत होता. त्या बोटीवर वीज नव्हती, पाणी नव्हतं, माणसं मेली असती, म्हणून उतरवली. तुमच्याकडे वीज आहे, पाणी आहे. तुमची बोट सुरक्षित आहे. तुम्ही संकटात नाही. तुमचंच रोजचं कळवणं आहे, भागवतोय म्हणून.

कॅप्टननी रेडिओ खाली ठेवला. कोणी कोणाकडे बघेना. मग एकेक करून सगळे जनूभाऊंकडे बघायला लागले.

आयशप्पथ सांगतो, मला तोवर कळलंच नव्हतं. कोणालाच कळलं नव्हतं. इतके महिने तो माणूस चपला कापून, डबे कापून आम्हाला जगवत होता, आणि त्याच हातांनी आम्हाला तिथे बांधून ठेवत होता. स्वतःलाही.

जनूभाऊ खाली गेले, आपली हत्यारांची पेटी उचलून आणली आणि कॅप्टनच्या समोर ठेवली.

"कुलूप लावून ठेवा, सर. परत बसला तर मी हात लावणार नाही."

"आर यू शुअर?" साहेबांनी विचारलं.

"मला घरी जायचंय, साहेब," जनूभाऊ मराठीतच म्हणाले. साहेबांना कळलं.

जनरेटर फार वाट बघायला न लावता बसला. सकाळची वेळ होती. धडधड थांबली, पंखे थांबले, आणि या वेळी वरून कोणी ओरडलं नाही. आम्ही खाली गेलो. साहेबांनी हात ठेवला, ऐकलं.

"पॅक्ड अप," ते हळूच म्हणाले.

"एका गॅस्केटचं काम आहे," जनूभाऊ म्हणाले. "अर्ध्या तासाचं."

"जनूभाऊ, वर चला," मी त्यांचा दंड धरला.

नंतर काय सांगू! बोटीचं लोखंड उन्हात असं तापलं की पाय ठेवता येईना. फ्रीजरमधलं होतं नव्हतं ते सडलं. पाणी गढूळ, तेही मोजून. डेकवर चादर ताणून आम्ही पडलो, अगदी त्या फिलिपिनोंसारखे. जनूभाऊ मात्र बसून. हाताची बोटं सारखी चाळवायची, हवेत काहीतरी फिरवायची. बॅटरीवरच्या रेडिओवरून कॅप्टन कळवत होते आणि तिकडून नोंद घेतली जात होती.

मग हुसेनचाचांना भोवळ आली. ओठ पांढरे, डोळे वर. आम्ही ओली फडकी घातली. जनूभाऊ ताडकन उठले.

"सर, पेटी द्या माझी. माणूस मरेल."

"जनार्दन, सिट डाउन," कॅप्टन म्हणाले.

"अर्ध्या तासाचं काम आहे हो! मी इथे बसून त्याला मारू काय?"

चाचांनीच त्यांचा पाय धरला. पडल्या पडल्या म्हणाले, "बस रे बाबा. तू आता तो चालू केलास तर मी इथेच मरेन, आज नाही तर सहा महिन्यांनी. बस खाली." जनूभाऊ बसले आणि लहान पोरासारखे रडले. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. सगळेच रडत होते.

साहेबांनी कॅप्टनच्या हातातून रेडिओ घेतला. दुसऱ्या हाताने त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. टोपीखाली कपाळ एकदम पांढरंफटक होतं, कधी ऊन न बघितलेलं.

"गिव्हन अप द घोस्ट," ते म्हणाले. "डू यू हिअर मी? शी हॅज गिव्हन अप द घोस्ट."

जनूभाऊंनी मान खाली घातली. ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि साहेबांनाही.

दुसऱ्या दिवशी लाँच आली. आम्हाला वाटलं, देव आला. एक अधिकारी होते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलायला अगदी गोड. बरोबर त्यांचा एक मेकॅनिक आणि एक डॉक्टर. आधी आजाऱ्यांना पाणी दिलं, चाचांना सलाइन लावलं. मग अधिकारी आणि मेकॅनिक खाली इंजिनरूममध्ये गेले. साहेब, जनूभाऊ आणि मी मागोमाग.

मेकॅनिकने जनरेटर उघडला आणि बघतच राहिला. चपलेचं गॅस्केट, तुपाच्या डब्याचा पत्रा, तांब्याची तार, सगळं जिथल्या तिथे, इतकं सफाईने बसवलेलं की कंपनीचं वाटावं. त्याने अधिकाऱ्याला बोलावलं, बोटाने एकेक दाखवलं. दोघे आपल्या भाषेत काहीतरी बोलले. माना डोलावल्या. मग अधिकाऱ्याने वळून विचारलं, अगदी मनापासून, कौतुकाने विचारलं, "हे कोणी केलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटतं ते 'मी' म्हणणार होते. पण त्याआधीच जनूभाऊ बोलले. इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. छाती जरा पुढे आली होती.

"मी, सर. सगळं मीच केलं."

"व्हेरी गुड," अधिकारी म्हणाले.

डेकवर सगळ्यांना उभं करून त्यांनी सांगितलं. तुम्ही सगळे घरी जाणार. पण बोट नांगरावर आहे, तिच्यावर दिवे लागलेच पाहिजेत, नाहीतर दुसरी कोणतीतरी बोट येऊन आपटेल. म्हणून दोन माणसं राहतील. कॅप्टन, कारण नियम आहे. आणि एक जण, जो वीज चालू ठेवू शकेल. आम्ही एक नवा छोटा जनरेटर देतो. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, बोटीचा लिलाव झाला की झालं.

त्यांनी जनूभाऊंकडे बघितलं. सगळ्यांनाच कळलं.

"सर, त्यांची बायको आजारी आहे," मी पुढे झालो. माझं इंग्रजी मोडकं, पण मी बोलत सुटलो. "शेवटचं आजारपण आहे. मी राहतो. माझं लग्न झालेलं नाही, कोणी वाट बघत नाही. मी राहतो ना!"

"तू फिटर आहेस?"

"ऑइलर. पण मला येतं सगळं. यांनीच शिकवलंय."

"सॉरी," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. माणूस वाईट नव्हता. त्याचाच जास्त राग येतो मला. वाईट असता तर दोन शिव्या तरी हासडल्या असत्या.

साहेबही म्हणाले, मी राहतो. पण म्हाताऱ्याच्या नाडीचे ठोके बघून बरोबरच्या डॉक्टरने त्यांना सरळ स्ट्रेचरवर घातलं. स्ट्रेचर लाँचमध्ये उतरवत असताना ते आडवे पडूनच जनूभाऊंकडे बघत होते. मग हात वर नेला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी घाला, साहेब!" जनूभाऊ वरून ओरडले. "घाला ती! मी अजून चालू आहे!"

साहेबांनी टोपी घातली नाही. छातीवर धरून ठेवली.

मी जनूभाऊंना मिठी मारली. अंगाला डिझेलचा वास. "वहिनींना काय सांगू?" मी विचारलं.

"येतोय म्हणून सांग," ते म्हणाले. "आणि बोटीचं काही सांगू नकोस. ती चिडते."

घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी मी गुहागरची एसटी धरली. वहिनी पडवीत खाटेवर होत्या. अंगात काही राहिलं नव्हतं, नुसते डोळे. मला ओळखलं नाही, पण भावजयीने बोटीवरचे रमाकांत म्हटल्यावर त्या कोपरावर उठल्या आणि माझ्या मागे दाराकडे बघायला लागल्या. बघतच राहिल्या.

"हे कुठे आहेत?"

"येतायत, वहिनी."

"तुम्ही आलात ना? मग हे?"

माझ्याने खोटं बोलवेना. मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्या परत उशीवर टेकल्या. मला वाटलं रडतील. पण हसल्या.

"आमच्या लग्नात माहितीय काय झालं? मंगलाष्टकं सुरू व्हायची आणि लाऊडस्पीकर खरखरायला लागला. हे मुंडावळ्यांसकट पाटावरून उठले आणि गेले दुरुस्त करायला. मी आपली हार घेऊन उभी. भटजी म्हणतात, मुहूर्त टळतोय, नवरा कुठाय? तर नवरा तिकडे, तारा तोंडात धरून." त्यांना धाप लागली. "त्या दिवशी निदान आले परत."

चहा समोर आला, तो पिववेना.

त्यानंतर मी दर आठवड्याला जात राहिलो. बोटीचा लिलाव आज होतो, उद्या होतो, असं चाललं होतं. जनूभाऊंचा फोन यायचा. वहिनींचा आवाज आधी बारीक झाला, मग नुसता श्वास ऐकू जायचा. भावजय फोन त्यांच्या कानाशी धरून ठेवायची आणि तिकडून जनूभाऊ एकटेच बोलत राहायचे.

वहिनी गेल्या त्या दिवशी मी तिथेच होतो. सगळं उरकल्यावर भावजय म्हणाली, तुम्हीच कळवा भाऊ, माझ्याने नाही होणार. मी परसात गेलो आणि फोन लावला. एरवी दहादा लावावा लागायचा, त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागला.

"जनूभाऊ," मी म्हटलं आणि पुढे शब्द फुटेना.

तिकडे मागे फक्त घरघर चालू होती. नवा जनरेटर त्यांनी नाळेवरच बांधून ठेवला होता, जिथे रेंज यायची तिथेच.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. झोपेतच. त्रास नाही झाला."

"नाव घेतलं काय माझं?"

"घेतलं," मी म्हटलं. खरंच घेतलं होतं, झोपण्याआधी.

ती घरघर मला सहन होईना. म्हटलं, "जनूभाऊ, तो जरा बंद करा ना. तुमचा आवाज नीट येत नाही."

"हा?" ते म्हणाले. "हा कसला बंद पडतोय! आणला त्या दिवसापासून चालू आहे. एकदा कुरकुरला नाही, एकदा थांबला नाही. मी रोज समोर बसून असतो, रम्या. पान्हा घेऊन बसतो. मला काही करायलाच लागत नाही. नुसतं तेल घालायचं. कोणीही घातलं असतं रे. तू घातलं असतंस. चाचांनी घातलं असतं."

मग फोन त्यांनी तिथेच कुठेतरी ठेवला असावा, कारण पावलं लांब गेल्यासारखी वाटली. मी हाका मारल्या. माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत मला तो जनरेटर ऐकू येत होता, एकसारखा, कसलीही तक्रार नसलेला.